अवार

मत्रहच्या सूकमागे, तिसऱ्या गल्लीत,
पत्र्याच्या दारावर निळ्या रंगात लिहिलंय: मखझन.
आत मी. शिगवण, देवरूखचा,
फुटक्या मालाच्या वहीचा कारकून.
काच किती, चिनीमाती किती, भिजलेलं पीठ किती गोणी,
शेवटच्या रकान्यात शेरा.

गुरुवारी रात्री केतकीचा फोन येतो.
"बाबा, मॅगझिन म्हणजे?"
मी म्हणतो, त्यातच बसलोय.
ती हसते, तिला वाटतं बापाला वाचनाचा नाद लागला.
बये, मखझन म्हणजे कोठार.
गोऱ्यांनी अरबांकडून नेलं, त्यात आधी दारूगोळा भरला,
मग मजकूर.
आमच्याकडे सध्या थर्मास भरलेत. चौदाशे.
झाकणं दुसऱ्या बोटीत राहिली.

हे सगळं मला झहरान सांगतो.
झहरान बिन सुवैद, वजनकाट्यावरचा म्हातारा.
याचा आजा गलबत घेऊन रत्नागिरीपर्यंत जायचा,
खजूर उतरवायचा, साग भरायचा.
त्यानं आणलेले दोन शब्द त्यांच्या घरात अजून आहेत:
एक शिवी,
दुसरा 'पुरे'.

गोण्यांवर छापलंय शुगर.
झहरान म्हणतो, सुक्कर. मी म्हणतो, साखर.
शर्करा म्हणजे मुळात वाळूचे खडे, असं गुरुजी सांगायचे
आणि आम्ही हसायचो.
खडीसाखर म्हणजे मग खडीच की.
किती बंदरं फिरून आली, नाव बदलत बदलत,
आणि आता कुणाला शुगर आहे म्हटलं
की त्याचा चहा फिका करतात.
मला आहे. गेल्या मे महिन्यापासून.
घरी सांगितलेलं नाही.

हिशेब करताना मी पुटपुटतो:
रक्कम, वसूल, जमा, बाकी...
झहरान मान वर करतो,
जणू कुणी त्याला हाक मारली.

झोपायची खोली वरच. सहा माणसं, सहा मॅट्रेस.
मॅट्रेस म्हणजे, तो सांगतो, मत्रहच.
जिथे काही टाकलं जातं ती जागा.
नांगर टाकला ते बंदर,
अंग टाकलं ती गादी.
त्याची बायको म्हणते, थापा मारतो.
आमच्याकडे 'टाकलेली' म्हणतात एका वेगळ्याच बाईला.
तो शब्द मी त्याला सांगितला नाही.

मागच्या गुरुवारी केतकी बोलतच नव्हती.
मग म्हणाली, प्रगतिपुस्तकावर बाईंनी लिहिलंय: ॲव्हरेज.
सगळ्या विषयांपुढे. चित्रकलेच्यासुद्धा.
"म्हणजे मी कशीच नाही ना, बाबा?"

सकाळी झहरानला विचारलं.
काटा थांबवला त्यानं. म्हणाला, अवार.
मला आधी आपलं आवारच वाटलं,
पेरूचं झाड, जांभ्याचा गडगा, दोरीवरचे कपडे.
नाही. अवार म्हणजे माल बिघडला. डाग. खोट.
तुझी वही, तो म्हणाला, अख्खी वही म्हणजे अवार.
वादळात बोट वाचवायला कुणाचा तरी माल
समुद्रात फेकावा लागतो.
ज्याचा गेला त्यालाच भुर्दंड, असं नसतं.
किनाऱ्याला लागल्यावर सगळे व्यापारी बसतात,
ज्याचा कापूस कोरडा राहिला तोही,
आणि तूट वाटून घेतात.
त्या वाटणीचं नाव पुढे ॲव्हरेज झालं.

एवढं बोलून त्यानं पुन्हा गोणी चढवली. पन्नास किलो, दोनशे कमी.

आज गुरुवार.
काय सांगायचं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून काढतोय.
'केतके, बाईंना त्या शब्दाचा अर्थच...' खोडलं.
'बोट वाचवायची असली की...' पुढे सुचेना.
कुणाला फेकलं, असं विचारेल ती.
हुशार आहे.

झाकणं आली दुपारी. चौदाशेत नऊ फुटकी.
शेरा लिहिला.
फोन वाजतोय.